एकविसाव्या दिवसाच्या आत

कोल्हापूर जिल्ह्यात गाय भरवली की घरातलं कुणीतरी कॅलेंडरवर खूण करतं. तिथून एकवीस दिवस मोजायचे. त्या सुमाराला गाय शांत रवंथ करत बसली तर ठरली म्हणायचं. हंबरायला लागली, बळस टाकू लागली, शेजारच्या गाईवर उडू लागली, तर उलटली. उलटली की दोष कुणाचा याची चर्चा सुरू होते. वीर्याची कांडी खराब होती, रेतन करणारा सेवक उशिरा आला, नुसत्या उसाच्या वाड्यावर गाय कशी ठरणार, गायच वांझ दिसते. यातलं काही ना काही खरंही असतं. पण या सगळ्या वादात ज्याचं नाव कधीच निघत नाही, तो म्हणजे खुद्द गर्भ. उलटलेल्या पुष्कळ गाईंच्या पोटात गर्भ तयार झालेला असतो, काही दिवस वाढलेला असतो आणि कुणाला कळायच्या आत मेलेला असतो.

आयर्लंडमधल्या डिस्किन आणि श्रीनन या दोन संशोधकांनी १९८० साली याचा हिशोब मांडला. मांसासाठी पाळलेल्या धडधाकट कालवडींना रेतन करून त्यांनी ठरावीक दिवसांनी गर्भ तपासले. बीजांड फळण्याचं प्रमाण होतं नव्वद टक्क्यांच्या आसपास. म्हणजे कांडी आणि सेवक दोघंही बहुतेक वेळा निर्दोष. पुढे मात्र गळती लागलेली दिसली, आणि तीही मुख्यतः आठव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान. या कालवडी होत्या, दुधाचा ताण नसलेल्या. दिवसाला वीस-पंचवीस लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईत ही गळती आणखी लवकर सुरू होते आणि जास्त असते.

ज्या जिल्ह्यात घरखर्चाचं गणित दर दहा दिवसांच्या दूधबिलावर बसवलेलं असतं, तिथे हा विषय प्रयोगशाळेपुरता राहत नाही. ‘गोकुळ’ या नावाने ओळखला जाणारा जिल्हा दूध संघ १९६३ सालचा. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला वारणा दूध संघही त्याच दशकातला. आज एकट्या गोकुळचं संकलन रोज दहा लाख लिटरच्या वर आहे. गाय एकदा उलटली की वेत तीन आठवड्यांनी पुढे जातं. तीनदा उलटली तर दोन महिन्यांचा चारा आणि पेंड भाकड जनावराच्या पोटात जाते. त्या पहिल्या तीन आठवड्यांत गाईच्या पोटात नेमकं काय घडतं, याचा उलगडा गेल्या चाळीसेक वर्षांत झाला आहे, आणि त्यातला बराचसा भाग जनुकांचा आहे.

बीजांड आणि शुक्राणू यांचं मीलन गर्भाशयात होत नाही, त्याच्या अलीकडे बीजवाहिनीत होतं. गाईकडून तीस गुणसूत्रं येतात, वळूकडून तीस, आणि साठ गुणसूत्रांची एक पेशी तयार होते. साधारण दिवसाभरानंतर ती दुभंगते. दोनाच्या चार, चाराच्या आठ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, वासराची जनुकं कामाला लागली. प्रत्यक्षात ती अजून जवळपास मुकी असतात. बापाकडून आलेली जनुकं या वेळी असून नसल्यासारखी. मग पेशी विभागल्या जातात त्या कुणाच्या हुकमावर? आईच्या. बीजांड परिपक्व होत असताना गाय त्यात आरएनएचे हजारो संदेश आणि लागणारी प्रथिनं भरून ठेवते. पहिले तीन-चार दिवस गर्भ या शिदोरीवर काढतो. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली जेवाय-१ नावाचं एक जनुक वर्णन केलं. ते गाईच्या बीजांडातच काम करतं. त्याचे संदेश दाबून टाकले तर फळलेली बीजांडं पुढे नीट वाढत नाहीत.

शिदोरी संपते कधी, हे शोधायला एक विष उपयोगी पडलं. अमॅनिटा जातीच्या प्राणघातक अळंबीतलं हे विष पेशीतल्या जनुकांवरून नवा संदेश लिहून घेण्याचं कामच बंद पाडतं. गाईचे गर्भ या विषात वाढवले तर गंमत दिसते. दोन पेशी, चार पेशी, आठ पेशी, सगळं सुरळीत. आणि आठ ते सोळा पेशींच्या टप्प्याला गर्भ जागच्या जागी थांबतो. तोवर स्वतःच्या जनुकांची गरजच नसल्यामुळे विषाने त्याचं काही बिघडलेलं नसतं. उंदरात हा बदल दोन पेशींवरच होतो, माणसात चार ते आठ पेशींवर. गाईत तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी होतो. त्या दिवशी आईचे संदेश मोडीत निघतात आणि वासराचा स्वतःचा जनुकसंच, वळूचा वाटा धरून, पहिल्यांदा बोलू लागतो. वळूकडून आलेलं एखादं जनुक सदोष असेल तर त्याचा हिशोबही इथून पुढेच सुरू होतो.

या चार दिवसांचा संबंध थेट शिरोळ-हातकणंगल्याच्या उन्हाळ्याशी आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या पीटर हॅन्सन यांच्या गटाने १९९३ साली एक साधा, पण फार शहाणपणाचा प्रयोग छापला. होल्स्टीन गाईंना रेतनानंतर वेगवेगळ्या दिवशी उष्णतेचा ताण दिला आणि आठव्या दिवशी गर्भ काढून पाहिले. पहिल्याच दिवशी उष्णता सोसलेल्या गाईंचे गर्भ मोठ्या प्रमाणात मेलेले होते. तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या दिवशी तोच ताण दिला तर फारसा फरक पडला नाही. संशोधक एका कारणाकडे बोट दाखवतात. पेशी तापली की प्रथिनांची घडी विस्कटते, ती सावरणारी वेगळी प्रथिनं असतात आणि ती बनवण्यासाठी जनुकं चालू लागतात. पहिल्या दिवशीच्या गर्भाकडे ती सोयच नसते.

गाय उन्हाने धापा टाकत असताना तिच्या शरीराचं तापमान चाळीसच्या वर गेलं की बीजवाहिनीतल्या दोन पेशींच्या जिवाला पळायला जागा नसते. आपल्याकडे पत्र्याच्या गोठ्यात एप्रिलच्या दुपारी काय होतं, हे सांगायला नको. बहुतेक पशुपालक गाय ठरली की तिची बडदास्त ठेवायला लागतात, म्हणजे महिना-दोन महिन्यांनी. गर्भाच्या दृष्टीने खरी गरज असते रेतनाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस. तेवढ्यापुरतं गाईला झाडाखाली बांधणं, पत्र्यावर उसाचा पाला टाकणं, अंगावर पाणी मारणं, भर दुपारी न चालवणं, याला खर्च जवळजवळ नाही.

या संशोधनाची दुसरी बाजू आपल्याला जास्त जवळची आहे. परीक्षानळीतल्या गर्भांना ४१ अंशांवर ठेवून पाहिलं तेव्हा खांद्यावर वशिंड असलेल्या जातींचे गर्भ, ब्राह्मण आणि नेलोर या जातींचे, होल्स्टीनच्या गर्भांपेक्षा चिवट निघाले. ही ‘ब्राह्मण’ अमेरिकेत भारतीय गुरांपासून घडवलेली जात. ‘नेलोर’ तर आंध्रच्या ओंगोल बैलांची ब्राझीलमधली वंशावळ, नेल्लूरवरून नाव पडलेली. म्हणजे काटकपणा केवळ कातडीत, घामात किंवा लोंबत्या पोळीत नाही, तो पेशीपेशीत आहे आणि गर्भ काही दिवसांचा असल्यापासून आहे. खिलार गाय दूध कमी देते म्हणून तिला मोडीत काढणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं.

पुढचे टप्पे भराभर पार पडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भ गर्भाशयात उतरतो. सातव्या दिवशी तो पोकळ गोळी झालेला असतो, मिलिमीटरच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढा. गोळीच्या आत एका कडेला पेशींचा छोटा पुंजका असतो, त्यातून वासरू होणार. बाहेरच्या पापुद्र्यापासून वार होणार. कुठल्या पेशीने काय व्हायचं हे ठरवणारी जनुकं उंदरात पहिल्यांदा सापडली आणि बरीच वर्षं गाईतही तसंच घडत असेल असं गृहीत धरलं गेलं. न्यूझीलंडमधल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की तसं नाही. उंदराच्या गर्भात वारेकडे गेलेल्या पेशी माघारी फिरत नाहीत. गाईत त्याच टप्प्यावरच्या पेशी अजून दोन्ही बाजूंना जाऊ शकतात. उंदराला घाई असते, त्याचा गर्भ लगेच गर्भाशयात रुजतो. गाईचा गर्भ मोकळाच फिरत राहतो, जवळजवळ तिसरा आठवडा संपेपर्यंत. त्याला निर्णय लांबवणं परवडतं.

या मोकळेपणातच एक मोठं संकट दडलेलं आहे. गाईला आपण गाभण आहोत हे कळणार कसं? बीजांड सुटून गेलं की बीजांडकोशावर त्या जागी पीतपिंड तयार होतो. त्यातून झिरपणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भाशय गर्भाला पोसतं आणि माज थोपवून धरतं. पण गर्भ राहिला नसेल तर पुन्हा संधी मिळायला हवी. म्हणून गर्भाशयाने एक सोय करून ठेवली आहे. सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत काही निरोप आला नाही, तर ते प्रोस्टाग्लँडिन सोडतं, पीतपिंड विरघळतो आणि एकविसाव्या दिवशी गाय माजावर येते. गर्भ जिवंत असो वा नसो, निरोप आला नाही म्हणजे नाही.

तो निरोप काय आहे, हे कळायला १९८७ साल उजाडलं. अमेरिकेत मायकेल रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी मेंढीच्या गर्भातून स्रवणाऱ्या एका प्रथिनाच्या मागे होते. त्याच्या जनुकाचा क्रम वाचला तेव्हा ते इंटरफेरॉनच्या घराण्यातलं निघालं. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूचा हल्ला झाल्यावर पेशी जी प्रथिनं सोडतात ती. सर्दी-तापात कामाला येणारी ही यंत्रणा रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या गर्भाने आपल्या कामी लावून घेतली. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात हे आढळतं. घोडीत, डुकरिणीत किंवा बाईत नाही. या प्रथिनाला इंटरफेरॉन टाऊ म्हणतात. ते तयार होण्यासाठी विषाणूचा हल्ला व्हावा लागत नाही. गर्भाचा बाहेरचा पापुद्रा ते मोजके काही दिवस भरपूर प्रमाणात तयार करतो, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनचा मारा थांबतो आणि पीतपिंड वाचतो.

निरोप पोहोचायला तो सगळ्या गर्भाशयभर पसरावा लागतो. म्हणून गर्भ लांब व्हायला लागतो. सातव्या दिवशी डोळ्यांना न दिसणारी गोळी तेराव्या-चौदाव्या दिवशी लांबट होते आणि सतराव्या दिवसाच्या सुमाराला वीतभर लांब, पांढरट, दोऱ्यासारखी दिसते. त्यात वासरू म्हणावं असं अजून फारसं काही नसतं. जवळजवळ सगळी वाढ वारेच्या पापुद्र्याची. या मुदतीत ज्या गर्भाची वाढ मागे पडली, ज्याचा दोरा आखूड राहिला, त्याचा निरोप तोकडा पडतो. तो जिवंत असतानाच त्याच्या खालची जमीन काढून घेतली जाते. आईचं प्रोजेस्टेरॉन कमी असलं, व्याल्यावर अंगावरचं मांस फार उतरलेलं असलं, गर्भाशयाला सूज असली, तरी असंच होतं. उसाच्या पट्ट्यात वाड्यावर गुरं काढणाऱ्यांना पशुवैद्य खनिज मिश्रणाचा आग्रह धरतात तो उगाच नाही. वाड्यातलं ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. प्रत्येक उलटलेल्या गाईमागे जनुकच शोधायला जाणं हाही वेडेपणाच.

गोठ्यात बसून यातलं काय ओळखता येतं? एक गोष्ट नक्की येते. गाय अठरा ते चोवीस दिवसांत उलटली तर एकतर बीजांड फळलं नव्हतं किंवा गर्भ निरोप देण्याआधी गेला. पंचवीस ते चाळीस दिवसांनी उलटली तर बहुधा निरोप पोहोचला होता आणि गर्भ त्यानंतर मेला. दुसऱ्या प्रकारात सेवकाला दोष देण्यात अर्थ नसतो. म्हणून माजाच्या तारखा लिहून ठेवलेल्या वहीला औषधांच्या बिलांपेक्षा जास्त किंमत आहे.

आता वळूकडे. नेब्रास्का राज्यात १९६२ साली पॉनी फार्म आर्लिंडा चीफ नावाचा होल्स्टीन वळू जन्मला. त्याच्या मुली इतकं दूध देत की त्याच्या कांड्या जगभर गेल्या. त्याला सोळा हजार मुली झाल्या, पाच लाख नाती आणि वीस लाखांवर पणत्या. होल्स्टीन जातीच्या रक्तात आज चीफ नाही असं जनावर सापडणं कठीण. त्याच्या एका गुणसूत्रावर ‘एपाफ-१’ नावाच्या जनुकात एका अक्षराची चूक होती. चूक एकाच प्रतीत असली तर जनावर ठणठणीत. आई आणि बाप दोघांकडून तीच सदोष प्रत आली तर गर्भ जगत नाही.

ही चूक सापडली ती मात्र विलक्षण वाटेने. अमेरिकेच्या कृषी खात्यातले पॉल व्हॅनरेडन यांनी २०११ साली हजारो गाईंच्या जनुकीय चाचण्यांचे आकडे चाळले. एखादा जनुकखंड शंभरातल्या पाच-दहा जनावरांत एकेरी आढळत असेल, तर काही जनावरांत तो दुहेरीही आढळायला हवा, हे साधं गणित. काही खंड असे निघाले की ते एकेरी पुष्कळांत, दुहेरी मात्र एकातही नाही. दुहेरी असलेली वासरं जन्मलीच नव्हती. एकही मेलेला गर्भ न तपासता, केवळ जिवंत गाईंच्या यादीत कोण नाही हे पाहून, होल्स्टीनमधले तीन, जर्सीतला एक आणि ब्राउन स्विसमधला एक घातक खंड हाती लागला. २०१६ साली एपाफ-१ मधली नेमकी चूक प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, नुकसान बेचाळीस कोटी डॉलरचं, असा अंदाज मांडला गेला. त्याच लेखात चीफच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाची किंमत तीस अब्ज डॉलर धरली होती. वळू चांगला होता की वाईट, हे ज्याचं त्याने ठरवावं.

एपाफ-१ चे गर्भ तसे उशिरा जातात, दोन महिन्यांनंतर. जर्सीतला खंड याहून लवकर घात करतो. त्यातला दोष सीडब्ल्यूसी-१५ या जनुकात आहे. अमेरिकेतल्या वीस टक्क्यांहून जास्त जर्सी गाई तेव्हा तो एकेरी बाळगून होत्या. होल्स्टीनमध्येच डम्प्स नावाचा जुना दोष आहे. त्यात गर्भाला डीएनए-आरएनएचा एक घटक बनवता येत नाही आणि तो चाळिसाव्या दिवसाच्या आसपास मरतो. शेतकऱ्याला दिसतं एवढंच की गाय ठरली होती आणि दीड महिन्याने पुन्हा माजावर आली.

हे दूरदेशीचं दुखणं वाटत असेल तर गोठ्यातल्या संकरित गाईचा बाप कोण, ते आठवावं. महाराष्ट्रातली संकरित पैदास होल्स्टीन आणि जर्सीच्या कांड्यांवरच उभी राहिली. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचनला ‘बाएफ’ सुरू केली आणि गोठवलेलं वीर्य खेडोपाडी नेलं. सांगली जिल्ह्यात भिलवडीला चितळेंनीही वळू आणि वीर्याच्या कामात मोठी गुंतवणूक केली. गावठी गाईला होल्स्टीनची, म्हणजे एचएफची कांडी भरली तेव्हा घातक जनुकाची एकच प्रत वासराला मिळू शकत होती, म्हणून धोका नव्हता. त्या कालवडीला पुन्हा एचएफ, तिच्या कालवडीला पुन्हा एचएफ, असं करत गोठ्यात पंच्याहत्तर, सत्याऐंशी टक्के रक्त झालं की दोन्हीकडून चीफ भेटण्याची शक्यता वाढते. दोन वाहक एकत्र आले तर दर चार गर्भांत एक वाया. तज्ज्ञ परदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवायला सांगतात ते काटकपणासाठी, पण त्याचा हाही एक फायदा आहे. वीर्य केंद्रांसाठीच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार वळूंची गुणसूत्रं आणि डम्प्ससारखे काही जुने आनुवंशिक दोष तपासले जातात. नव्याने सापडलेल्या खंडांची चाचणी परदेशी वळूंच्या यादीत त्यांच्या नावापुढे छापलेली असते. ती यादी गावातल्या दूध संस्थेपर्यंत पोहोचत नाही, ही खरी अडचण.

जुळ्यांचा एक किस्सा इथे सांगायलाच हवा. गाईला जुळं झालं, एक पाडा आणि एक कालवड, की घरात आनंद होतो. पण अशा दहा कालवडींतल्या नऊ तरी कधीच गाभण राहत नाहीत. फ्रँक लिली यांनी १९१६ साली कारण सांगितलं. दोन्ही गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या पहिल्या दीडएक महिन्यात एकमेकींना जोडल्या जातात आणि पाड्याच्या वृषणातून निघणारी द्रव्यं कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ खुंटवतात. तिची स्वतःची जनुकं पूर्णपणे मादीची असतात, तरीही. रे ओवेन यांना १९४५ साली अशा जुळ्यांच्या रक्तात एकमेकांच्या पेशी आयुष्यभर नांदताना आढळल्या. परक्या पेशी शरीर सहन करू शकतं, हे त्यातून कळलं, आणि अवयवरोपणाच्या शास्त्राला तिथून एक धागा मिळाला. पशुपालकाने मात्र अशी कालवड अडीच वर्षं वाढवून मग हळहळण्यापेक्षा आधीच पशुवैद्याकडून तपासून घ्यावी.

कोल्हापूरचा जीव तसा गाईपेक्षा म्हशीत जास्त. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारं आणि दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवणारं हे शहर. खांद्यापलीकडे शिंगं गेलेली पंढरपुरी म्हैस सोलापूर-सांगलीइतकीच कोल्हापूरची. म्हशीची गुणसूत्रं पन्नास, गाईची साठ, त्यामुळे दोघींचा संकर होत नाही. म्हशीचा गर्भ गाईच्या गर्भापेक्षा अर्धा ते एक दिवस पुढे धावतो, गाभण काळ मात्र महिनाभर जास्त. शिवाय तिचा मुका माज. तो नजरेतून निसटला की गर्भाचा प्रश्नच उरत नाही. जगातलं पहिलं परीक्षानळी रेडकू भारतातच जन्मलं, कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत, १९९० साली. नाव ठेवलं ‘प्रथम’. त्याच संस्थेने २००९ साली क्लोन केलेली ‘गरिमा’ वाढवली आणि २०२३ साली गीर गाईचं क्लोन, ‘गंगा’.

महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातल्या वडगाव रासाई इथे जे. के. ट्रस्टची बोव्हाजेनिक्स ही प्रयोगशाळा गीर, साहिवाल अशा जातींचे गर्भ तयार करते. गुजरातेत २०२१ साली जन्मलेल्या देशातल्या पहिल्या परीक्षानळी बन्नी रेडकामागेही तिचाच हात होता. उत्तम गाईच्या बीजांडकोशातून सुईने बीजांडं काढायची, बशीत फळवायची, सात दिवस वाढवायची आणि साध्या गाईच्या गर्भाशयात सोडायची, अशी ही पद्धत. वर सांगितलेला चौथ्या दिवसाचा बदल इथे आईच्या शरीराबाहेर घडतो, म्हणून ही वाढ फार नाजूक. नव्वदच्या दशकात बशीतल्या द्रवात रक्तातलं सीरम मिसळत असत, तेव्हा काही वासरं प्रमाणाबाहेर मोठी जन्मली, गाई अडल्या. कारण जनुकांत नव्हतं, जनुकांवरच्या खुणांत होतं. काही जनुकं आईकडून आली तरच चालतात, काही बापाकडून आली तरच. त्या खुणा पहिल्या आठवड्यात विस्कटल्या तर वाढीवरचा लगाम सुटतो. द्रव सुधारल्यावर ही तक्रार बरीच कमी झाली.

२००९ साली डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईचा सगळा जनुकक्रम छापला गेला, सुमारे बावीस हजार जनुकांचा. त्यावर उभी राहिलेली तंत्रं आपल्याकडे उशिरा, पण आली. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशी गुरांसाठीची ‘गौ चिप’, म्हशींसाठीची ‘महिष चिप’ आणि देशात विकसित झालेलं लिंगनिश्चित वीर्याचं तंत्र यांचं लोकार्पण केलं. कालवडीच जन्माव्यात यासाठीच्या कांड्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि ते स्वाभाविक होतं. चिपचं काम कमी दिसणारं आहे. रक्ताच्या एका नमुन्यातून ती हजारो ठिकाणची जनुकीय अक्षरं वाचते. व्हॅनरेडन यांनी लावलेलं गणित मुऱ्हा, पंढरपुरी किंवा संकरित गाईवर लावायचं असेल तर लागणारा माल हाच.

मात्र चिपला नोंदींची जोड लागते. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो, प्रत्येक कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो, आणि रेतनाची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत जाते. हजारो गावांतून अशा नोंदी साठत गेल्या की कुठल्या वळूच्या गाई पंचविसाव्या दिवसानंतर जास्त उलटतात, हे संगणक सांगू शकेल. तोवर पशुपालकाला स्वतःच्या वहीत हे करता येतं. सेवकाने वापरलेली कांडी फेकून देण्याआधी तिच्यावरचा नंबर तारखेसमोर लिहून घ्यायचा. कालवड पहिल्यांदा भरवताना तिच्या बापाचा नंबर आणि आणलेल्या कांडीचा नंबर एकच निघाला, तर दुसऱ्या वळूची कांडी मागायला संकोच करण्याचं काही कारण नाही.